प्रयोगशाळेचे दार जिल्ह्याकडे उघडावे

९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्र उलटल्यावर भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशूंच्या विशेष कक्षाला आग लागली. कक्षात १७ अर्भके होती. त्यांपैकी ७ वाचली, १० गेली. शासनाने चौकशी समिती नेमली. अर्भकाला ऊब देणाऱ्या यंत्राच्या नियंत्रक भागात विद्युत बिघाड होऊन आगीचा उगम झाला, असा समितीच्या निष्कर्षाचा आशय राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी त्याच महिन्यात जाहीर केला. काहींवर निलंबनाची, काहींवर सेवामुक्तीची कारवाई झाली आणि इतर रुग्णालयांच्या सुरक्षेची तपासणी करण्याचे आदेश निघाले. हे सर्व आवश्यकच होते. परंतु या दुर्घटनेने उपस्थित केलेला एक प्रश्न चौकशीच्या कक्षेबाहेर राहिला आणि आजही तो तेथेच आहे. ज्या जिल्ह्यात विजेचे तंत्रशिक्षण दिले जाते, त्या जिल्ह्यातील प्रयोगशाळांचा तेथील घराघरांतून, शेतांतून आणि इस्पितळांतून खेळणाऱ्या विजेशी काही संबंध असावा की नाही, हा तो प्रश्न होय.

महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी ती आग टाळली असती, असे म्हणणे उथळपणाचे ठरेल. वैद्यकीय उपकरणांची देखभाल ही ज्यांची कायदेशीर जबाबदारी आहे त्यांचीच ती राहणार, आणि राहिली पाहिजे. मुद्दा निराळा आहे. विजेचे मोजमाप करण्याची साधने, ती हाताळणारे शिक्षक आणि ती शिकू पाहणारे तरुण या तिन्ही गोष्टी एकाच गावात असताना गावातील वीज मात्र कोणी मोजत नाही, ही विसंगती आहे. ती इतकी सवयीची झाली आहे की, तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही.

जबलपूरपासून शहापूरपर्यंत

भंडारा जिल्ह्याला अभियांत्रिकीचे शिक्षण सहजासहजी मिळालेले नाही. हा भाग जुन्या मध्यप्रांत व वऱ्हाडात असताना प्रांताचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ साली निघाले ते जबलपूरला. गोंदियाहून सातपुड्याच्या घाटांतून वर चढणाऱ्या छोट्या रुळांच्या आगगाडीने तेथे जावे लागे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, जबलपूर मध्य प्रदेशात राहिले आणि तो मार्ग परप्रांतीचा झाला. १९६० साली नागपुरात प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. पुढे त्याला विश्वेश्वरय्यांचे नाव मिळाले आणि २००२ पासून ती राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था झाली. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापनाही १९६० सालचीच. एका संस्थेने अभियंते घडवावेत आणि दुसरीने त्यांच्या हाती खांब, तारा व उपकेंद्रे सोपवावीत, असा तो काळ होता. १९७४ साली कोराडीचा पहिला संच चालू झाला आणि पूर्व विदर्भातील अनेक कुटुंबांत ‘मुलगा बोर्डात लागला’ हे वाक्य प्रतिष्ठेचे झाले.

१९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या मंत्रिमंडळाने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्याच वर्षी गोंदियाला असे महाविद्यालय निघाले. गोंदिया त्या वेळी भंडारा जिल्ह्यातच होते. १ मे १९९९ रोजी जिल्ह्याचे विभाजन होऊन ते वेगळ्या जिल्ह्यात गेले. आज भंडारा शहरालगत शहापूर येथे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, साकोलीला शासकीय तंत्रनिकेतन आहे आणि विजेची कामे शिकविणाऱ्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थाही आहेत. म्हणजे जे शिक्षण घेण्यासाठी येथील आजोबांना जबलपूर गाठावे लागत होते, ते नातवाला सायकलच्या अंतरावर आले. अंतर कमी झाले हे खरे. शिक्षण मात्र विद्यार्थ्याच्या अवतीभवतीच्या जगाच्या जवळ आले का, याचे उत्तर समाधानकारक नाही.

जर्नलातील प्रयोग

ही स्थिती एखाद्या विशिष्ट संस्थेची नव्हे. महाराष्ट्रातील जिल्ह्याच्या ठिकाणच्या बहुतेक विद्युत प्रयोगशाळांचे चित्र थोड्याफार फरकाने सारखेच आहे. लाकडी मेजांवर बसविलेली यंत्रे, भिंतीशी नियंत्रक फलक, काचेच्या कपाटात अॅमीटर, व्होल्टमीटर आणि वॅटमीटर. विद्यापीठाने ठरवून दिलेले आठ-दहा प्रयोग वर्षानुवर्षे तेच: रोहित्राची खुल्या व बंद मंडलाची चाचणी, प्रवर्तन मोटारीची भाररहित चाचणी, समकालिक यंत्राचा आलेख. वीस-पंचवीस विद्यार्थ्यांच्या तुकडीत जोडणी दोघेतिघे करतात, आकडे एक जण वाचतो, बाकीचे लिहून घेतात. कित्येकदा तेही लागत नाही. मागील वर्षीची जर्नल हाताशी असते आणि तिच्यातील आकडे किंचित इकडेतिकडे करून नव्या जर्नलात उतरतात. सत्राच्या अखेरीस शिक्षकांची सही होते, बाह्य परीक्षक येतात, तोंडी परीक्षेत दोन व्याख्या विचारतात आणि विद्यार्थी उत्तीर्ण होतो. त्यानंतर प्रयोगशाळेला कुलूप लागते ते पुढच्या सत्रापर्यंत.

या पद्धतीत दोष विद्यार्थ्याचा फारसा नाही. ज्या प्रयोगाचे उत्तर सर्वांना आधीच ठाऊक आहे, त्यात त्याने जिवापाड लक्ष का घालावे? मेजावरील मोटार कधी जळत नाही, कारण ती कधी पूर्ण भाराने चालतच नाही. तेथील रोहित्रावर कधी वीज कोसळत नाही, त्याच्या तेलात कधी पाणी शिरत नाही. प्रयोगशाळेतली वीज नेहमी शिस्तीत वागते. बाहेरची तशी वागत नाही आणि अभियंत्याला आयुष्यभर तिच्याशीच गाठ घालायची असते.

यात अलीकडे आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४ पासून सुस्थितीतील संस्थांना प्रवेशसंख्येची वरची मर्यादा काढून टाकली. संगणकाच्या नवनव्या शाखांकडे विद्यार्थ्यांचा ओढा आहे, तेव्हा संस्थांचा पैसा आणि जागा तिकडेच वळणे स्वाभाविक ठरते. विद्युत शाखेची प्रयोगशाळा मात्र जड, महाग आणि देखभालीची आहे. तिचा उपयोग केवळ परीक्षेपुरता राहिला, तर उद्या एखाद्या व्यवस्थापनाने ती ‘अनावश्यक’ ठरविली तरी तिच्या बाजूने बोलायला कोणी उरणार नाही.

दोष शोधणे हेच शिक्षण

विद्युत अभियांत्रिकीच्या अध्यापनाच्या इतिहासात भारताशी निगडित असा एक धडा आहे आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. विल्यम आयर्टन हा इंग्रज तरुण १८६८ साली भारताच्या तारखात्यात नोकरीस आला. शेकडो मैल पसरलेल्या तारांत कोठे तरी बिघाड होई, संदेश खुंटत आणि बिघाड नेमका कोठे आहे ते कळत नसे. टोकावरच्या कचेरीत बसून, विद्युत मोजमापावरून बिघाडाची जागा निश्चित करण्याच्या पद्धती विकसित करण्यात आयर्टनने महत्त्वाचा भाग घेतला. पुढे १८७३ साली तो टोकियोच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्राध्यापक म्हणून गेला आणि तेथे त्याने विद्युत विषयाची अध्यापन-प्रयोगशाळा उभारली. जगातील अशा आरंभीच्या प्रयोगशाळांत तिची गणना होते. २५ मार्च १८७८ रोजी त्याच्या विद्यार्थ्यांच्या साहाय्याने टोकियोतील एका समारंभात विजेचा दिवा लागला. तो दिवस जपानात आजही विजेचा दिवस मानला जातो.

भारताच्या तारांमध्ये काम केलेल्या माणसाने जपानात प्रयोगशाळा घडविली, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. प्रयोगशाळेचा जन्म प्रत्यक्षातील बिघाडाच्या पोटी होतो. अडलेल्या कामाला उत्तर शोधताना मोजमाप सुचते, मोजमापातून पद्धत तयार होते आणि पद्धतीतून पाठ्यक्रम. आपल्याकडे हा क्रम उलटा झाला. पाठ्यक्रम आधी आला, त्याच्यासाठी यंत्रे आली आणि अडलेली कामे दाराबाहेरच उभी राहिली.

दाराबाहेरचे प्रयोग

ही कामे कोणती, हे पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. भंडारा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. उन्हाळी धान लागले की कृषिपंप एकाच वेळी चालू होतात आणि वाहिनीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या गावात दाब खाली जातो. दाब कमी झाला की तेच काम करण्यासाठी मोटार अधिक प्रवाह ओढते व तापते. तीनपैकी एक फेज गेला तर उरलेल्या दोन फेजांवर सारा भार येऊन वेटोळे जळते. गावात वीज दोन फेजांवर असली तरी पाणी थांबू नये म्हणून कित्येक शेतकरी कपॅसिटर लावून मोटार रेटतात. फ्यूज वारंवार उडतो म्हणून किटकॅटमध्ये जाड तार घालतात. मग मोटार जळते आणि तालुक्याच्या ठिकाणी ‘बांधायला’ जाते. बांधून आलेली मोटार पूर्वीइतकी कार्यक्षम आहे की अधिक वीज खाऊन कमी पाणी देते, हे सांगणारे त्या शेतकऱ्याजवळ काहीही नसते. हे सांगण्यासाठी जी भाररहित चाचणी लागते, ती शहापूरपासून साकोलीपर्यंत विजेचे शिक्षण घेणाऱ्या मुलांच्या अभ्यासाचाच भाग असते. एक मुलगा ती चाचणी कधीही न बिघडणाऱ्या मोटारीवर करतो आणि त्याच जिल्ह्यातील दुसऱ्या गावात त्याचा बाप न तपासलेली मोटार विहिरीवर बसवितो.

गावाच्या भाषेत ज्याला डीपी म्हणतात त्या रोहित्राची गोष्टही अशीच आहे. त्यातील तेलाचा विद्युतरोधक गुण ओलाव्याने झपाट्याने उतरतो. अडीच मिलिमीटर अंतरावरील दोन गोळ्यांमध्ये ते तेल किती दाब सहन करते, ही तासाभराची चाचणी आहे. रोहित्र जळाल्यावर ते बदलून मिळेपर्यंत धानाचे बांध भेगाळतात. जळण्यापूर्वी तेल तपासले असते तर काय झाले असते, हा हिशेब मात्र मांडला जात नाही.

आणि मग भूयोजन, ज्याला सर्वजण ‘अर्थिंग’ म्हणतात. शाळा, अंगणवाडी, ग्रामपंचायत, प्राथमिक आरोग्य केंद्र, भातगिरणी या प्रत्येक ठिकाणी अर्थिंगचा खड्डा असतो किंवा निदान कागदावर तरी असतो. मीठ-कोळसा कधी काळी घातलेला, उन्हाळ्यात माती सुकून कोरडी झालेली, जोडणीची तार गंजलेली. अशा खड्ड्याचा रोध वाढला की गळणारा प्रवाह जमिनीत न जाता पाण्याची टाकी पुसणाऱ्या बाईच्या किंवा फलकाला हात लावणाऱ्या मुलाच्या शरीरातून जातो. हा रोध मोजणारे यंत्र आणि तारांच्या आवरणाचा कस पाहणारे मेगर ही कोणत्याही विद्युत विभागात आढळणारी साधने आहेत. तीस मिलिअँपिअरच्या गळतीला मंडल तोडणारा छोटासा स्विच माणसाचा जीव वाचवितो, हे वर्गात शिकविले जाते. तो स्विच आपल्या गावच्या शाळेत बसविलेला आहे का, हे पाहून येण्याचे काम कोणत्याही जर्नलात लिहिलेले नसते.

यापेक्षाही दारुण प्रकार म्हणजे रानडुकरांपासून धान वाचविण्यासाठी कुंपणाच्या तारेत सोडलेला प्रवाह. पूर्व विदर्भाच्या जंगलालगतच्या भागात त्याने वन्य प्राणी मरतात आणि माणसेही मरतात. हे कृत्य बेकायदा आहे, ते गुन्ह्याचे आहे. पण केवळ गुन्हा नोंदवून ते थांबलेले नाही. क्षणिक, मर्यादित ऊर्जेचा धक्का देऊन जनावर परतविणारे सुरक्षित कुंपण तंत्रदृष्ट्या अवघड नाही. त्याचे स्वस्त, गावात दुरुस्त होणारे रूप तयार करून दाखविणे हा अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी कोणत्याही आयत्या विकत घेतलेल्या ‘प्रोजेक्ट’पेक्षा शतपटीने योग्य विषय आहे.

माजी विद्यार्थ्यांचे देणे

येथे माजी विद्यार्थ्यांचा विषय येतो. मूल्यांकन परिषदेच्या गुणपत्रकात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला स्थान मिळाल्यापासून महाविद्यालयोमहाविद्यालयी त्यांच्या संघटना नोंदल्या गेल्या आहेत. वर्षातून एकदा स्नेहमेळावा होतो. पुण्याहून, हैदराबादहून, क्वचित परदेशातून मंडळी येतात, जुन्या उपाहारगृहाच्या आठवणी निघतात, छायाचित्रे काढली जातात. कोणी थंड पाण्याचे यंत्र देतो, कोणी प्रवेशद्वाराची कमान बांधून देतो आणि त्यावर तुकडीचे वर्ष कोरले जाते. कृतज्ञतेची ही रीत वाईट नाही. परंतु ज्या प्रयोगशाळेत त्यांनी आपली विद्या मिळविली, तिच्यातील मेगरचे अंशशोधन शेवटचे कधी झाले, हे विचारणारा माजी विद्यार्थी विरळाच.

जिल्हा सोडून गेलेल्यांना दोष देण्याचे कारण नाही. साकोली तालुक्यातील मुंडीपार येथे वीज उपकरणांच्या कारखान्याची कोनशिला २०१३ साली बसली. जमिनी गेल्या, आशा वाढल्या, पण ज्या रोजगाराची वाट पाहिली जात होती तो आला नाही. डोंगरी बुजुर्गला मॅंगनीजपासून विद्युत-अपघटनाने बॅटरीत लागणारे द्रव्य तयार होते, वरठीला पोलादाचा कारखाना आहे, जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे. तरीही शिकलेल्या साऱ्या मुलांना सामावून घेण्याइतके काम जिल्ह्यात नाही. त्यांनी पोटामागे जावे हे रास्तच आहे.

तथापि, सर्वच गेलेले नाहीत. विद्युत मंडळात आणि २००५ च्या विभाजनानंतर महावितरण, महापारेषण व महानिर्मिती या कंपन्यांत आयुष्य घालवून निवृत्त झालेले कितीतरी अभियंते व तंत्रज्ञ पूर्व विदर्भात राहतात. कोणत्या वाहिनीवर कोठे सांधा सैल आहे, पावसाळ्याच्या तोंडी कोणते रोहित्र दगा देते, हे त्यांना नकाशा न पाहता सांगता येते. या अनुभवाला निवृत्तीबरोबर गप्पांचा विषय बनवून टाकणे हा सार्वजनिक अपव्यय आहे. त्यांनी महिन्यातून दोन दिवस प्रयोगशाळेत द्यावेत. दूर गेलेल्यांनी कमानीऐवजी उपकरणांच्या देखभालीचा आणि अंशशोधनाचा वार्षिक खर्च उचलावा. देणगीचे फलक पुष्कळ झाले. चालू स्थितीतील एक तेल-चाचणी यंत्र त्या सर्वांहून अधिक बोलेल.

करता येण्याजोगे

प्रस्ताव मोठा नाही. प्रत्येक विद्युत प्रयोगशाळेने आठवड्यातून एक दिवस जिल्ह्यासाठी राखून ठेवावा. त्या दिवशी शेतकऱ्याने बांधून आणलेली मोटार आणावी, गिरणीवाल्याने आपली आणावी आणि विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली ती तपासून साध्या मराठीत एका पानाचा अहवाल द्यावा. खरीप आणि उन्हाळी हंगामापूर्वी मेगर, अर्थ-टेस्टर व चिमटा-मीटर घेऊन एकेका तुकडीने शाळा, अंगणवाड्या आणि आरोग्य केंद्रे पाहावीत. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालत आलेली आहे आणि तिची सात दिवसांची शिबिरे होतात. विद्युत शाखेच्या मुलांनी त्या शिबिरात केवळ रस्ते झाडण्याऐवजी दत्तक गावाची वीज मोजावी. विद्यापीठाने या कामाला प्रात्यक्षिकाचे गुण द्यावेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने समाजाशी निगडित कामाला अभ्यासक्रमात जागा दिलेलीच आहे. तिचा अर्थ प्रभातफेरी असा लावण्याची सक्ती नाही.

यावर आक्षेप येतील. पहिला कायद्याचा: विद्युत संचमांडणी सुरक्षित असल्याचा दाखला देण्याचा अधिकार विद्यार्थ्यांना नाही. बरोबर आहे, आणि तो देऊही नये. विद्यार्थ्यांनी मोजावे आणि नोंदवावे. धोका दिसला तर तो विद्युत निरीक्षकाच्या व संबंधित कार्यालयाच्या लेखी निदर्शनास आणावा. निर्णय अधिकाऱ्यांचाच, पण आकडा समोर आल्यानंतर ‘माहीत नव्हते’ हे उत्तर देता येणार नाही. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. तोही खरा आहे, म्हणूनच परवानाधारक पर्यवेक्षकाशिवाय आणि प्रवाह बंद असल्याची खात्री केल्याशिवाय कोणत्याही मुलाने प्रयोगशाळेबाहेर तारेला हात लावता कामा नये. हा नियम पाळायला शिकणे हेही शिक्षणच होय. तिसरा आक्षेप शिक्षकांचा असेल आणि तो सर्वांत वजनदार आहे. तासिका तत्त्वावर किंवा तुटपुंज्या पगारावर काम करणाऱ्या शिक्षकाने हा वाढीव भार का उचलावा? याला उपदेशाने उत्तर देता येत नाही. जिल्हा नियोजनाच्या निधीतून या तपासणीचे मानधन व प्रवासखर्च मिळाला पाहिजे. एका जळालेल्या शासकीय इमारतीच्या दुरुस्तीपुढे ती रक्कम नगण्य ठरेल.

या सर्वांतून जिल्ह्याला एक गोष्ट मिळेल, जी आज त्याच्याजवळ नाही: स्वतःच्या विजेची स्वतः ठेवलेली नोंद. कोणत्या गावात उन्हाळ्यात दाब किती उतरतो, कोणत्या शाळेचे अर्थिंग नावापुरते आहे, बांधून आलेल्या मोटारी किती वीज वाया घालवितात, याची वर्षानुवर्षांची नोंदवही प्रयोगशाळेत साठत गेली, तर दिवसा वीज मागणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात केवळ निवेदन राहणार नाही, पुरावाही राहील. विद्यार्थ्याच्या जर्नलात पहिल्यांदाच असा आकडा येईल, जो मागील वर्षीच्या जर्नलातून उतरवून घेता येणार नाही.

जानेवारी २०२१ मधील त्या दहा अर्भकांची नावेही अनेकांच्या स्मरणात नाहीत. काहींचे तर नाव ठेवायचेच राहून गेले असेल. त्यांच्या स्मरणार्थ स्तंभ उभारण्यापेक्षा, ज्या जिल्ह्यात ती जन्मली तेथील प्रत्येक बालकक्षाचे, अंगणवाडीचे आणि शाळेचे अर्थिंग दर उन्हाळ्यात कोणी तरी मोजते आहे, एवढी व्यवस्था झाली तर ती अधिक सार्थ ठरेल. ती करण्यासाठी लागणारी यंत्रे जिल्ह्यात आहेत, ती चालविणारे हात आहेत. अडथळा आहे तो केवळ सत्र संपल्यावर लावल्या जाणाऱ्या कुलपाचा, आणि त्याची किल्ली जिल्ह्याबाहेर कोठेही गेलेली नाही.